एकोणिसावा इलेक्ट्रॉन

गेल्या वर्षीं नववीच्या चांचणी परीक्षेंत एका मुलानें पोटॅशियमची इलेक्ट्रॉन-मांडणी २, ८, ९ अशी लिहिली. आम्ही तीवर तांबड्या शाईची फुली मारली, शेजारीं २, ८, ८, १ असें लिहून दिलें, व उत्तरपत्रिका परत केली. मुलगा धीट होता. तो मेजापाशीं येऊन म्हणाला, ‘सर, तिसऱ्या कवचांत अठरा इलेक्ट्रॉन मावतात असें तुम्हींच फळ्यावर लिहिलें होतें. मग आठच भरल्यावर नववा बाहेर कां गेला?’ आम्ही उत्तर दिलें, ‘बाहेरच्या कवचांत आठांहून अधिक इलेक्ट्रॉन राहत नाहींत, असा नियम आहे.’ तो मुकाट्यानें जाग्यावर जाऊन बसला.

घरीं जातांना मात्र आमच्या मनास टोचणी लागली. मुलानें ‘कां’ विचारलें होतें, आणि आम्ही ‘असें आहे’ एवढेंच सांगितलें होतें. नियमाचें कारण म्हणून तोच नियम पुन्हां सांगणें हें शिकविणें नव्हे. हा लेख त्या उत्तराची भरपाई म्हणून लिहीत आहों. त्या मुलाप्रमाणेंच मुकाट्यानें जाग्यावर जाऊन बसणारीं मुलें प्रत्येक वर्गांत असतात, व त्यांच्या आईबापांनींही हा लेख सोबत वाचावा अशी आमची इच्छा आहे. यांत अवघड असें थोडेंच आहे.

पोटॅशियमकडे जाण्यापूर्वीं त्याच्या धाकट्या भावाची, सोडियमची, ओळख करून घेऊं. आणि सोडियमसाठीं आमच्या बुलढाणा जिल्ह्यास बाहेर कोठें जावयास नको. लोणारचें सरोवर आपणांपैकीं बहुतेकांनीं पाहिलें असेल. काळ्या बसाल्ट दगडांत उल्कापातानें पडलेला हा सुमारें १.८ किलोमीटर व्यासाचा खळगा. १८२३ सालीं सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्यानें याची नोंद केली. पण त्याच्या कितीतरी पूर्वीं ‘आइने-अकबरी’त, कांच व साबण करण्यास लागणारीं द्रव्यें येथें मिळतात, असा उल्लेख आलेला आहे. लवणासुराच्या कथेंत तर नांवांतच लवण आहे. भोवतालच्या उतारांवरून पाणी आंत येतें, बाहेर जाण्यास त्यास वाट नाहीं; तें उन्हानें आटतें, आणि दगड झिजून आलेले क्षार मागें राहतात. पूर्वीं उन्हाळ्यांत हे क्षार काढून विकीत, व त्यांच्या प्रतीप्रमाणें दल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी अशीं नांवें त्यांस होतीं. सांप्रत हें सरोवर अभयारण्यांत मोडतें, म्हणून तेथून कांहीं उचलून आणूं नये. आपल्या माता-भगिनी उडदाच्या पिठांत जो पापडखार घालतात तो याच जातीचा. प्रयोगास तेवढा पुरे.

चिमूटभर पापडखार पाण्यांत कालवून, त्यांत तारेचें टोंक बुडवून तें स्पिरिटच्या दिव्याच्या ज्योतींत धरावें. ज्योत लख्ख पिवळी होते. आतां त्याऐवजीं जेवणांतलें मीठ घ्यावें. पुन्हां तोच पिवळा रंग. खाण्याचा सोडा घ्यावा, तोच. पापडखारावर शिरका टाकला तर तो फसफसतो, मिठावर टाकला तर कांहींच होत नाहीं. (पवित्र शास्त्रांतील नीतिसूत्रांच्या कर्त्यालाही सोड्यावर शिरका पडला म्हणजे काय होतें हें ठाऊक होतें, असें २५ व्या अध्यायाच्या २० व्या वचनावरून दिसतें.) म्हणजे फसफसणें हा त्यांतील कार्बोनेटचा गुण झाला. परंतु पिवळा रंग तिहींतही येतो, तेव्हां तो तिहींत समान असलेल्या सोडियमचा असला पाहिजे.

सोडियम हें अकराव्या क्रमांकाचें मूलद्रव्य. १९१३ सालीं मोस्ली या तरुण इंग्रजानें क्ष-किरणांच्या साह्यानें दाखवून दिलें कीं, हा क्रमांक केवळ यादींतील आंकडा नसून केंद्रकांतील विद्युद्भाराचें माप आहे. पुढें दोनच वर्षांनीं तो गॅलिपोलीच्या रणांत, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षीं, मारला गेला. त्याच १९१३ सालीं नील्स बोर यानें इलेक्ट्रॉन ठराविक पायऱ्यांवरच राहूं शकतात ही कल्पना मांडली. सोडियमच्या केंद्रकांत अकरा प्रोटॉन, म्हणून भोंवतीं अकरा इलेक्ट्रॉन; त्यांची वांटणी २, ८, १. आंतील दहा घट्ट बसलेले, बाहेरचा एक सैल. ज्योतीच्या उष्णतेनें हा एकच अकरावा इलेक्ट्रॉन क्षणभर वरच्या पायरीवर चढतो व परत उतरतांना जी शक्ति सोडतो तीच तो पिवळा प्रकाश. मीठ असो, सोडा असो, पापडखार असो, पायऱ्यांमधील अंतर तेंच, म्हणून रंगही तोच.

हा इलेक्ट्रॉन किती सैल आहे हें मोजतां येतें. तो परमाणूपासून पार तोडण्यास ५.१४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट शक्ति लागते. हें माप काय याची चिंता आज नको. प्रमाण मात्र पाहावें. त्याच्या पाठोपाठ दुसरा इलेक्ट्रॉन काढूं म्हटलें तर ४७.३ लागते, म्हणजे नऊ पटींहून अधिक. सोडियम एकच इलेक्ट्रॉन कां देतो, दोन कां देत नाहीं, याचें उत्तर या दोन आंकड्यांत आहे. त्यास पहिल्या इलेक्ट्रॉनची कदर नाहीं व दुसऱ्यास तो हात लावूं देत नाहीं. धातूचा धातुपणा तो हाच: बाहेरचे थोडे इलेक्ट्रॉन स्वस्तांत सुटतात, आणि धातूच्या तुकड्यांत ते कोणा एका परमाणूचे न राहतां सर्वांच्या सामाईक मालकीचे होतात. वीज वाहते ती यांच्याच जोरावर.

येथें एक शंका येईल. बाहेर थोडे इलेक्ट्रॉन म्हणजे धातु, तर हेलियमला एकंदर दोनच इलेक्ट्रॉन आहेत. तो वायु कां? मॅग्नेशियमचेही बाहेर दोनच आहेत, आणि तो तर तारेसारखा ओढतां येणारा धातु. उत्तर असें कीं हेलियमचें पहिलें कवच दोहोंतच पूर्ण भरतें, व त्यांच्या आणि केंद्रकाच्या मध्यें आड कोणी नाहीं. त्यांतील एक तोडण्यास २४.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. नुसती बाहेरची संख्या मोजून भागत नाहीं, आंत कोण बसलें आहे हेंही पाहावें लागतें.

हेलियमचें नांव निघालेंच आहे तर त्याची आपल्या देशाशीं असलेली सोयरीक सांगतों. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणांत सूर्याच्या कडेवरील ज्वालांच्या वर्णपटांत एक पिवळी रेषा दिसली. फ्रेंच ज्योतिषी जान्सेन यानें तें ग्रहण गुंटूर येथून पाहिलें. ती रेषा सोडियमची असावी असें प्रथम वाटलें. परंतु सोडियमच्या जुळ्या रेषा ५८९.० व ५८९.६ नॅनोमीटरवर पडतात, आणि ही ५८७.६ वर होती. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत लॉकियर यानें ती इंग्लंडांतून, ग्रहणावांचून, पाहिली. पुढें ती एका नव्या मूलद्रव्याची ठरली व सूर्याच्या ग्रीक नांवावरून त्यास हेलियम नांव मिळालें. हा शोध विजयदुर्गच्या किल्ल्यावरून लागला असें आपल्याकडे पुष्कळदां लिहितात. लॉकियर विजयदुर्गास आला होता हें खरें, पण २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठीं. दीड नॅनोमीटरचाही फरक नसलेल्या दोन रेषांवरून नवीन मूलद्रव्य ओळखणाऱ्यांच्या बाबतींत आपण तीस वर्षांची गफलत करावी हें शोभत नाहीं.

आतां पोटॅशियम. सोडियम दगडांतून व समुद्रांतून मिळतो तर पोटॅशियम वनस्पतींच्या राखेंतून. आपल्या वैद्यांनीं सज्जीखार व यवक्षार हे दोन निराळे मानले. पहिला सोडियमचा, दुसरा, जवाच्या राखेंतून काढलेला, पोटॅशियमचा. इलेक्ट्रॉनचें नांव कोणी ऐकलें नव्हतें त्या काळीं केवळ पारखी नजरेनें हा भेद केला गेला. राख ज्योतींत धरली तर तींतील थोडक्या सोडियमचा पिवळा रंगच सर्व झांकून टाकतो. पण मध्यें गडद निळी कोबाल्टची कांच धरा, पिवळा अडतो, आणि पोटॅशियमची फिकट जांभळी ज्योत दिसूं लागते.

पोटॅशियमचे इलेक्ट्रॉन एकोणीस. पहिल्या कवचांत २, दुसऱ्यांत ८, तिसऱ्यांत १८, चौथ्यांत ३२ अशी जास्तींत जास्त जागा. हा हिशेब कोठून येतो? प्रत्येक कवचाच्या आंत खोल्या आहेत. त्यांस एस्, पी, डी, एफ् अशीं नांवें आहेत, व त्यांत अनुक्रमें २, ६, १० व १४ इलेक्ट्रॉन मावतात. पहिल्या कवचांत एस् एवढीच खोली. दुसऱ्यांत एस् व पी. तिसऱ्यांत एस्, पी व डी. हीं अक्षरें सोडियमसारख्या धातूंच्या वर्णपटांतील रेषांच्या मालिकांवरून आलीं आहेत: तीक्ष्ण, मुख्य, पसरट व मूलभूत या अर्थाच्या इंग्रजी शब्दांचीं तीं आद्याक्षरें होत. एका जागीं दोहोंहून अधिक इलेक्ट्रॉन कां मावत नाहींत याचें तत्त्व पाउली यानें १९२५ सालीं सांगितलें. अठरा इलेक्ट्रॉन बसल्यावर मांडणी २, ८, ८ होते. तो आर्गॉन वायु, कोणाशीं देणेंघेणें नसलेला. तिसऱ्या कवचाची डी खोली सबंध रिकामी आहे. आणि तरी एकोणिसावा इलेक्ट्रॉन चौथ्या कवचाच्या एस् खोलींत जातो. कां?

नाताळच्या रात्रीं चर्चच्या आवारांत शेकोटी पेटली आहे अशी कल्पना करा. शेकोटी म्हणजे केंद्रक. विस्तवाला लागून दोघे, त्यांच्या मागें आठ जण, त्यांच्या मागें आणखी आठ, असे दाटीनें बसले आहेत. एकोणिसाव्या मनुष्यास दोन जागा मोकळ्या आहेत. एक तिसऱ्या रांगेच्या कडेस; परंतु तेथें बसलें कीं पुढें सरकतां येत नाहीं, पुढच्यांच्या पाठी सदोदित आड. दुसरी जागा चौथ्या रांगेंत. ती दूर आहे, पण तेथून वाट मोकळी आहे. तो मनुष्य वरचेवर उठून, सर्वांच्या मधून थेट विस्तवापर्यंत जाऊन, हात शेकून परत येतो. एकंदर ऊब कोणास अधिक मिळेल? दूर बसणाऱ्यास.

चौथ्या कवचांतील एस् इलेक्ट्रॉनचें असेंच आहे. त्याचा बहुतेक वेळ बाहेर जातो खरा, तथापि तो केंद्रकाच्या अगदीं निकट सांपडण्याचा संभवही बराच असतो, व तेवढ्या वेळीं एकोणीस प्रोटॉनांचें आकर्षण त्यास जवळजवळ उघडें मिळतें. तिसऱ्या कवचाच्या डी इलेक्ट्रॉनला केंद्रकाजवळ जवळपास थाराच नाहीं. आंतील अठरा इलेक्ट्रॉन त्याच्या व केंद्रकाच्या मध्यें पडद्यासारखे उभे राहतात. म्हणून पोटॅशियममध्यें दूरची एस् जागा अधिक किफायतीची ठरते. इलेक्ट्रॉन कांहीं चालत जाणारा मनुष्य नव्हे, व ठराविक वाटेनें फिरणारा मणीही नव्हे. अमुक ठिकाणीं तो सांपडण्याचा संभव किती, एवढेंच शास्त्र सांगतें. उपमेस तिच्या जागीं ठेवावें.

त्या मुलाला आम्ही हें सांगावयास पाहिजे होतें. आणखी एक गोष्ट सांगावयास हवी होती, ती अशी कीं त्याची २, ८, ९ ही मांडणी अशक्य नाहीं. तापलेल्या पोटॅशियमचा एकोणिसावा इलेक्ट्रॉन त्या डी खोलींत क्षणभर जाऊन येऊं शकतो. ती शांत, नित्याची स्थिति नव्हे एवढेंच. फुली मारली ती बरोबर, पण आम्ही ती जितक्या जोरानें मारली तितक्या जोराची नव्हती.

पुढें कॅल्शियम, विसावें: २, ८, ८, २. त्याच्या पुढें स्कँडियम, एकविसावें, आणि त्याची मांडणी २, ८, ९, २! त्या मुलाचा नऊ हा आंकडा येथें खरा ठरतो. झालें काय, तर शेकोटी मोठी होत चालली. केंद्रकाचा भार वाढतां वाढतां तिसऱ्या रांगेतली ती कडेची जागाही पुरेशी उबदार झाली. किंबहुना येथून पुढें डी खोलींतील इलेक्ट्रॉन एस् मधल्यांहून अधिक घट्ट धरले जातात. मग सर्वच तेथें कां शिरत नाहींत? कारण ती खोली आंतल्या बाजूस व अरुंद आहे; तेथें गर्दी झाली कीं इलेक्ट्रॉन एकमेकांस रेटतात. म्हणून दोघे बाहेरच्या ऐसपैस एस् खोलींत राहतात, आणि परमाणूनें इलेक्ट्रॉन द्यावयाचा झाला तर प्रथम जातात ते हेच दोघे. ‘जे आधीं आले ते आधीं कां जातात?’ असें मुलें विचारतात. भरण्याचा क्रम व जाण्याचा क्रम एकच असावा अशी समजूत पुस्तकांतील बाणांच्या आकृतीमुळें होते. ती आकृति पाठ करण्यास सोयीची आहे. परमाणु तिला बांधलेला नाहीं.

लोखंड पाहा, कारण तें तर आमच्या पायांखालच्या काळ्या दगडांतच आहे. सव्विसावें मूलद्रव्य, २, ८, १४, २. बाहेरचे दोन गेले म्हणजे २, ८, १४ उरतें. हिराकसाचा हिरवा खडा या स्थितींतला. तो उघड्या हवेंत ठेवला तर कांहीं दिवसांनीं वरून पिवळट-तपकिरी होतो. प्राणवायूनें त्याच्या डी खोलींतील आणखी एक इलेक्ट्रॉन नेला व २, ८, १३ उरलें. बसाल्टचा दगड फोडला असतां आंत काळा व वरचे पोपडे तांबूस दिसतात, तेथेंही हाच फेरफार चाललेला असतो. सोडियमला दुसरा इलेक्ट्रॉन देणें प्राणसंकट वाटतें. लोखंडाला तिसराही देववतो. डी खोली असलेल्या धातूंची ही उदारता, व त्यांच्या क्षारांचे रंगही बहुधा त्याच अर्धवट भरलेल्या खोलीमुळें.

तांब्यानें तर नियमाला बगलच दिली आहे. एकोणतिसावें मूलद्रव्य, म्हणून २, ८, १७, २ असावें. आहे २, ८, १८, १. शेतकरी फवारणीसाठीं चुन्यांत मोरचूद मिसळतात, तिचा निळा रंग डी खोलींत दहांऐवजीं नऊ उरल्यामुळें येतो. तांब्याच्या शेजारच्या जस्ताची डी खोली पूर्ण भरलेली, दहाही जागच्या जागीं. म्हणून जस्ताचा सल्फेट पांढरा. क्रोमियमही असाच हट्टी: २, ८, १२, २ नव्हे, तर २, ८, १३, १. ‘अर्धी किंवा पूर्ण भरलेली खोली स्थिर असते’ असें याचें कारण पुस्तकांत देतात. तें अगदीं खोटें नाहीं. पण क्रोमियमच्या खालचें मॉलिब्डेनम हा नियम पाळतें, आणि त्याच्याही खालचें टंग्स्टन, जुन्या बल्बांतील तारेचा धातु, तो पाळीत नाहीं. त्याच्या बाहेरच्या एस् मध्यें दोनच असतात. खरी गोष्ट अशी कीं येथें दोन खोल्यांच्या शक्तींत फरक इतका अल्प असतो कीं थोड्याशा कारणानें पारडें इकडचें तिकडे होतें. मुलांनीं क्रोमियम व तांबें हे दोन अपवाद परीक्षेसाठीं ध्यानांत ठेवावे, आणि त्यांस अपवाद म्हणण्यापूर्वीं नियमच कितपत पक्का होता असा प्रश्न मनांत जागा ठेवावा.

आतां पुन्हां लोणारास जाऊं, कारण एकोणिसाव्या मूलद्रव्याचें तेथें एक काम बाकी आहे. खळग्याच्या दगडांत पोटॅशियमही थोडेंबहुत आहे. पोटॅशियमच्या दर दहा हजार परमाणूंत सुमारें एक परमाणु असा असतो कीं त्याचें केंद्रकच टिकाऊ नसतें. अशा परमाणूंपैकीं निम्मे बदलण्यास सव्वाशें कोटी वर्षें लागतात. दहांतील जवळजवळ नऊ बदलून कॅल्शियम होतात, विसावें. उरलेल्या सुमारें एकाचें केंद्रक स्वतःच्याच अगदीं आंतल्या कवचांतील एक इलेक्ट्रॉन गिळून टाकतें. प्रोटॉन एकानें कमी होतो, इलेक्ट्रॉनही एकानें कमी; रिकामी झालेली जागा वरचे इलेक्ट्रॉन खालीं उतरून भरून काढतात, व अखेर २, ८, ८ एवढेंच उरतें. बाहेरचा सैल इलेक्ट्रॉन नाहींसा झाला, धातूचा वायु झाला, आणि तो आर्गॉन, कोणाशींही न मिसळतां, दगडांत कोंडून राहिला.

उल्का पडली तेव्हां जो दगड वितळला त्यांतील जुना आर्गॉन उडून गेला, व थिजल्यापासून नवा सांचूं लागला. तो किती सांचला हें मोजून २०११ सालीं शास्त्रज्ञांनीं लोणारच्या खळग्याचें वय सुमारें पांच लक्ष सत्तर हजार वर्षें ठरविलें. त्यापूर्वीं दगडांतून तापविल्यावर निघणाऱ्या प्रकाशावरून दुसऱ्यांनीं तें सुमारें बावन्न हजार वर्षें काढलें होतें. दोहोंत दसपटीचें अंतर आहे, व त्या मुलाचें शिक्षण पुरें होईपर्यंत तो वाद चालूं राहिला तर त्यांत त्यानें अवश्य पडावें.